अंगावर पाजताना दुखते, म्हणून पाजणे थांबवावे का?

कागल तालुक्यातील एका पहिलटकरणीने विचारलेला प्रश्न असा आहे. सिझेरियन होऊन नऊ दिवस झाले असून सध्या त्या माहेरी आहेत. चौथ्या दिवशी दोन्ही स्तन दाटून टणक झाले. बाळ स्तन तोंडात धरते तेव्हा डोळ्यांत पाणी येईल इतके दुखते, डाव्या बोंडाला चीर पडली आहे आणि काल बाळाच्या ओठांवर रक्त दिसले. मालीश करणाऱ्या बाई कोमट तेल लावून ‘गाठी मोडून’ देतात, त्या वेळी तर वेदना असह्य होतात. बर्फाचा शेक घ्यावा असे एका नर्सताईंनी सांगितले होते, पण ‘बाळंतिणीला गारवा लागू द्यायचा नाही’ म्हणून आईने तो घेऊ दिला नाही. बाळाचे पोट भरत नसावे, असे घरात सर्वांचे मत पडले असून पावडरच्या दुधाचा डबाही आणून ठेवला आहे. चीर भरून येईपर्यंत दोन-तीन दिवस अंगावरचे दूध बंद ठेवले तर चालेल का, असे त्यांनी विचारले आहे.

पाजणे थांबवू नका आणि हे दुखणे सोसतही राहू नका. ‘पहिल्या खेपेला असे दुखतेच, सहन कर’ असे सांगणारी माणसे प्रेमापोटीच सांगतात, परंतु या सल्ल्यामुळे जी चूक एका दिवसात सुधारली असती ती आठवडाभर तशीच राहते आणि साध्या लालीची चीर होते. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून मला असे दिसते की बाळाने स्तन उथळ धरणे हे मूळ कारण आहे, आणि टणकपणा, चीर व बाळाचे अर्धवट भरणारे पोट ही तिन्ही दुखणी त्या एकाच कारणातून निघालेली आहेत. त्यामुळे मलम कोणते लावावे या प्रश्नाकडे आपण नंतर वळू. आधी बाळाची पकड पाहू.

पहिल्या आठवड्यात बाळ ओढायला लागते त्या क्षणी थोडी कळ येणे आणि ती अर्ध्या-एक मिनिटात ओसरणे, हे स्वाभाविक मानले जाते. बाळ ओढत असताना ओटीपोटात पेटके येणेही स्वाभाविक आहे, कारण दूध उतरवणारे ऑक्सिटोसिन हेच संप्रेरक गर्भाशयालाही आकुंचित करते. परंतु जी वेदना पाजण्याच्या संपूर्ण वेळात टिकते, बाळ सुटल्यानंतरही ठणकत राहते किंवा ज्या वेदनेमुळे पुढची पाजण्याची वेळ आली की मनात धास्ती भरते, ती वेदना काहीतरी चुकत असल्याची खूण असते. बाळाने बोंडाबरोबर त्याभोवतीचा काळसर भागही मोठ्या प्रमाणात तोंडात घेतला, तर बोंड बाळाच्या टाळूच्या मागच्या मऊ भागापर्यंत पोहोचते आणि तिथे त्याला काहीही इजा होत नाही. बाळाने केवळ बोंडच धरले, तर ते जीभ आणि टाळूचा पुढचा कठीण भाग यांच्यामध्ये चेपले जाते. पुढच्या वेळी बाळाने स्तन सोडल्याबरोबर बोंडाकडे नीट पाहा. ते थोडे लांब पण गोलसर दिसले तर पकड ठीक आहे. ते एका बाजूने तिरके, चपटे झालेले किंवा टोकाला पांढरी रेघ उमटलेली दिसले, तर पकड उथळ आहे हे निश्चित समजा.

आता आपल्याकडे बाळाला कसे घेतले जाते ते पाहू. बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळतात, मांडीवर उताणे ठेवतात आणि केवळ त्याची मान स्तनाकडे वळवतात. आई पाठीतून वाकून स्तन बाळापर्यंत नेते, दोन बोटांच्या चिमटीत बोंडाजवळचा भाग धरते आणि बाळाने तोंड जरासे उघडले की बोंड आत सरकवते. बाळाचे नाक दबेल या भीतीने त्याच बोटांनी वरचा भाग मागे ओढून धरते, आणि त्या ओढीने तोंडात गेलेला थोडाफार भागही बाहेर निसटतो. कोल्हापूर परिसरातील कितीतरी घरांत मी हे असेच घडताना पाहिले आहे. मान वळवून गिळणे मोठ्या माणसालाही अवघड जाते, मग नऊ दिवसांच्या बाळाने तोंड मोठे उघडावे तरी कसे?

त्याऐवजी भिंतीला किंवा पलंगाच्या डोक्याला टेकून बसा, पाठीशी उशी घ्या आणि मांडीवर वाकळेची जाड घडी ठेवून बाळ स्तनाच्या उंचीला येईल असे करा. पाय लोंबकळत असतील तर पायांखाली पाट घ्या. दुपटे सोडून बाळाचे हात मोकळे ठेवा. बाळाचे पोट तुमच्या अंगाला लागलेले असावे, आणि त्याचा कान, खांदा व कंबर एका रेषेत असावीत. डाव्या बाजूला पाजताना उजव्या हाताने बाळाची पाठ आणि मानेचा खालचा भाग धरा. डोक्याच्या मागून दाब देऊ नका, कारण डोके दाबले की बाळ उलट मागे ताणते. बाळाचे नाक बोंडासमोर आणा आणि बोंडाने त्याचा वरचा ओठ हलकेच स्पर्शून थांबा. या थांबण्यालाच खरे महत्त्व आहे. जांभई देताना उघडते तसे तोंड मोठे उघडले की मगच बाळाला पटकन स्तनाकडे आणा, स्तन बाळाकडे नेऊ नका. हनुवटी आधी टेकली पाहिजे आणि खालचा ओठ बाहेर वळलेला असला पाहिजे. काळसर भाग खालच्या ओठाकडे जवळजवळ दिसेनासा व्हावा आणि वरच्या ओठावर थोडा दिसत राहावा. हनुवटी आत रुतली की नाक आपोआप मोकळे राहते. त्यानंतर सुरुवातीचे भराभर ओढणे थांबून बाळ संथ, खोल ओढू लागते आणि गिळल्याचा बारीक आवाज ऐकू येतो. गालांना खळ्या पडत असतील किंवा चटचट असा आवाज येत असेल, तर पकड सुटते आहे.

पकड चुकल्यासारखी वाटली तर बाळाला ओढून काढू नका, त्यानेच पुष्कळ चिरा वाढतात. स्वच्छ धुतलेली करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून हिरड्यांच्या मधे सरकवा, हवा आत गेली की पकड सैल होते. मग बाळाला काढून पुन्हा लावा. एका वेळेस असे अनेकदा करावे लागले तरी हरकत नाही. तुमचे सिझेरियन झालेले असल्याने मांडीवरच्या बाळाचे वजन टाक्यांवर येत असणार, आणि त्या दुखण्यामुळे तुम्ही नकळत पुढे वाकत असणार. तुमच्यासाठी दोन पद्धती विशेष सोयीच्या आहेत. पहिली कुशीवर झोपून पाजण्याची, ज्यात आई आणि बाळ समोरासमोर कुशीवर असतात. दुसरी बाळाला काखेखाली घेण्याची, ज्यात बाळाचे पाय तुमच्या पाठीकडे आणि डोके स्तनाकडे असते. काखेखालच्या पद्धतीत बाळाचे तोंड तुम्हाला स्पष्ट दिसते, म्हणून पकड शिकण्यासाठी मी पहिलटकरणींना बहुधा तिथूनच सुरुवात करायला सांगते.

पकड सुधारल्यावर चीर भरून यायला फार दिवस लागत नाहीत. दूध पाजून झाल्यावर दोन थेंब दूध बोंडावर पसरवून ते हवेवर वाळू द्या. हवे असल्यास शुद्ध लॅनोलिनचे मलम अगदी पातळ लावता येते, ते पाजण्यापूर्वी पुसावे लागत नाही. पण त्यापासून जादूची अपेक्षा ठेवू नका, कारण तुलना करून पाहिली असता नुसते आईचे दूध लावणाऱ्या मातांनाही तितकाच आराम पडल्याचे आढळले आहे. साबणाने धुणे, प्रत्येक वेळी ओल्या कापडाने खसाखसा पुसणे, हळद किंवा बधिर करणारे मलम लावणे हे सारे टाळा. आतील कापड किंवा पॅड ओले झाले की बदला. दुखणे कमी असलेल्या बाजूने पाजायला सुरुवात करा, म्हणजे दुसऱ्या बाजूला येईपर्यंत बाळाची भूक थोडी शमलेली असते आणि ते हळू ओढते. वेदनेसाठी पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन ही दोन्ही औषधे स्तनपान करताना चालतात. सिझेरियननंतर तुम्हाला यांपैकी काही आधीच दिलेले असू शकते, तेव्हा मात्रा डॉक्टरांना विचारूनच घ्या.

बाळाच्या ओठांवर दिसलेल्या रक्ताने घाबरू नका. ते तुमच्या चिरेतले आहे आणि पोटात गेल्याने बाळाला अपाय होत नाही. दूध बाहेर काढताना त्यात रक्ताची रेघ दिसेल किंवा शी थोडी काळपट होईल इतकेच. बाळाच्या शीत किंवा उलटीत रक्त दिसले तर ते चिरेतलेच आहे याची डॉक्टरांकडून खात्री करून घ्या. ज्या मातांना एचआयव्ही किंवा ‘सी’ प्रकारच्या काविळीचा संसर्ग आहे, त्यांनी मात्र बोंडातून रक्त येत असताना पाजण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलणे आवश्यक आहे.

‘दोन-तीन दिवस बंद’ हा उपाय आकर्षक वाटतो, पण दूध साठत राहिल्याने स्तन अधिक टणक होतात, टणक स्तनावर बाळाला पकड घेता येत नाही, आणि थांबवण्याआधी जितके दुखत होते त्यापेक्षा अधिक दुखणे घेऊन तुम्ही पुन्हा सुरुवात कराल. एखाद्या बाजूला अगदी सहनच होत नसेल, तर त्या बाजूला एखादा दिवस बाळ लावू नका, पण बाळाच्या पाजण्याच्या वेळी त्या बाजूचे दूध हाताने काढा आणि उकळून घेतलेल्या वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने बाळाला पाजा. काढलेले दूध झाकून ठेवले तर साधारण २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या खोलीत चार तास चांगले राहते.

आता टणकपणाविषयी, कारण तुमच्या घरातील मतभेद इथेच आहेत. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास स्तन भरून येतात, त्या फुगवट्यात केवळ दूध नसते. वाढलेला रक्तपुरवठा आणि पेशींभोवती साचलेले पाणीही असते. सिझेरियनच्या वेळी सलाइन अधिक गेलेले असले तर ही सूज आणखी वाढते. म्हणजे तुमच्या मालीशवाल्या बाई ज्या ‘गाठी’ मोडू पाहत आहेत, त्यांचा बराचसा भाग सुजलेली ऊती आहे. सुजलेल्या जागी जोरात चोळले तर आतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा होते आणि सूज वाढते. पूर्वी परिचारिकांनाही मालीश करून स्तन पूर्ण रिकामे करायला शिकवले जात असे, म्हणून जुन्या जाणत्या बायकांना दोष देण्यात अर्थ नाही. स्तनपानविषयक वैद्यकीय तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिनने, २०२२ मध्ये स्तनदाहाविषयीची आपली मार्गदर्शक सूत्रे बदलली. त्यांत खोल मालीश टाळावे, बाळाच्या गरजेपेक्षा अधिक दूध पुनःपुन्हा काढू नये आणि सूज उतरवण्यासाठी गार शेक द्यावा असे स्पष्ट म्हटले आहे. त्या बाईंकडून पाठीची, पायांची आणि खांद्यांची मालीश अवश्य करून घ्या. स्तनांना मात्र हात लावू देऊ नका. फार तर काखेकडे आणि गळपट्टीच्या हाडाकडे, त्वचा जेमतेम सरकेल इतक्या हलक्या हाताने फिरवलेली बोटे चालतील.

पाजण्यापूर्वी बोंडाभोवतीचा भाग चाचपून पाहा. तो ओठांइतका मऊ असेल तर बाळाला धरता येईल, नाकाच्या शेंड्याइतका घट्ट असेल तर अवघड जाईल, आणि कपाळाइतका टणक असेल तर बाळ केवळ बोंडच पकडेल. टणक असल्यास मागे रेलून बसा किंवा पाठीवर झोपा, दोन्ही हातांच्या बोटांची टोके बोंडाच्या मुळाशी गोलाकार ठेवा आणि छातीच्या दिशेने आत, दुखणार नाही इतका स्थिर दाब मिनिटभर द्या. नखे कापलेली असू द्या. सूज काही वेळासाठी मागे सरकते आणि तो भाग बाळाच्या तोंडात मावण्याइतका मऊ होतो. तेवढ्याने भागले नाही तर थोडे दूध हाताने काढा. त्यासाठी अंगठा आणि बोटे बोंडापासून दोन बोटे अंतरावर ठेवा, आधी छातीकडे दाबा, मग एकमेकांकडे दाबा आणि सोडा. बोटे त्वचेवरून घसरू देऊ नका. मऊ होण्यापुरते दूध निघाले की थांबा. पंपाने स्तन ‘रिकामा’ करण्याच्या मागे लागलात तर शरीर अधिक मागणी आहे असे समजून आणखी दूध तयार करते.

गारव्याविषयी तुमच्या आईंची काळजी मला समजते, विशेषतः आपल्याकडच्या पावसाळी गारठ्यात. बाळंतिणीला कान बांधून, पांघरूण घेऊन ऊब देणे योग्यच आहे आणि ते चालू ठेवावे. परंतु कापडात गुंडाळलेली गार पिशवी दहा-पंधरा मिनिटे केवळ स्तनावर ठेवल्याने अंगात गारठा शिरत नाही, दूध ‘गार’ होत नाही आणि बाळाला सर्दीही होत नाही. पाय मुरगळल्यावर सूज उतरवण्यासाठी बर्फ लावतो त्यामागचे कारण इथेही तेच आहे. पाजून झाल्यावर, अंगावर शाल घेऊन, दिवसातून अनेकदा असा शेक घेता येतो. फ्रिजमधील गार कोबीची पाने ठेवली तरी आराम मिळतो. शेगडीचा किंवा गरम पाण्याचा शेक स्तनांना दीर्घकाळ देऊ नका, कारण उष्णतेने रक्तपुरवठा आणि सूज दोन्ही वाढू शकतात. बरे वाटत असेल तर पाजण्याच्या अगदी आधी कोमट ओला पंचा एक-दोन मिनिटे ठेवावा, त्याहून अधिक नको. हे त्यांना शांतपणे सांगा, किंवा आशाताईंना त्यांच्यासमोर सांगायला लावा. माझा अनुभव असा की बहुतेक आजी कारण कळल्यावर सर्वांत आधी साथ देतात.

पोट भरते की नाही हे रडण्यावरून ठरवू नये. नवजात बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा पिते आणि संध्याकाळी तर पाठोपाठ मागते, यात दूध कमी असल्याचा पुरावा नाही. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहा किंवा अधिक वेळा फिकट रंगाची लघवी, पिवळी मऊ शी आणि वजन या तीन गोष्टी पाहा. जन्मानंतर वजन थोडे घटते आणि साधारण १० ते १४ दिवसांत ते पूर्ववत होते, म्हणून उद्याच बाळाचे वजन करून घ्या आणि जन्माच्या वजनाशी ताडून पाहा. वजन जन्माच्या वजनापेक्षा १० टक्क्यांहून अधिक घटलेले असेल, बाळ सुस्त असेल किंवा लघवी कमी असेल, तर डॉक्टर काही दिवसांसाठी वरचे दूध सुचवू शकतात आणि त्या वेळी ते औषध म्हणून द्यावे, त्यात अपराधी वाटण्यासारखे काहीही नाही. तसे नसताना केवळ शंकेपोटी डबा उघडलात, तर प्रत्येक वरच्या पाजण्यामागे स्तनातले तेवढे दूध आत राहील. शरीर त्याचा अर्थ मागणी घटली असा घेईल, आणि दूध खरोखरच कमी होईल. मध, गुळाचे पाणी किंवा गुटी तर देऊच नका. मधातून होणाऱ्या बोट्युलिझम या गंभीर विषबाधेमुळे तो वर्षाच्या आतील बाळाला धोक्याचा आहे.

तुमच्या खाण्यापिण्याचा या दुखण्याशी संबंध नाही. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर आवडीने खा, तांबडा-पांढरा रस्साही सोसेल तितका चालेल. मात्र स्तन दाटलेले असताना दूध वाढवणारी चूर्णे घेण्याची गरज नाही.

पकड नीट करूनही दुखणे उतरले नाही तर दुसरी कारणे शोधावी लागतात. बोंड आत ओढलेले किंवा सपाट असेल तर सिरिंजचे साधन उपयोगी पडते: १० किंवा २० मिलीची नवी सिरिंज सुई बसवण्याच्या टोकाकडून कापायची, दट्ट्या त्या कापलेल्या बाजूने घालायचा आणि गुळगुळीत बाजू स्तनावर टेकवून हलकेच ओढायचे. दावणगेरे येथील डॉक्टरांनी १९९३ मध्ये ही पद्धत लेखातून मांडली. पहिल्यांदा ते परिचारिकेकडूनच करून घ्या. बाळाच्या जिभेखालची पट्टी आखूड असेल तर जीभ पुढे येत नाही आणि पकड उथळच राहते. ते बालरोगतज्ज्ञ तपासू शकतात. पाजून झाल्यावर बोंड पांढरे पडून मग जांभळट होत असेल आणि जळजळत असेल, तर तिथल्या रक्तवाहिन्या आकसत आहेत, आणि त्या जागी मात्र गारवा नको, ऊबच द्यावी. बाळाच्या तोंडात पुसून न निघणारे पांढरे डाग असतील तर बुरशीचा संसर्ग असू शकतो आणि दोघांनाही औषध लागते.

पुढील लक्षणे दिसल्यास मात्र घरगुती उपायांत वेळ घालवू नका: १०१ अंश फॅरनहाइटहून अधिक ताप, थंडी वाजून अंग मोडून येणे, स्तनाच्या एका भागात पसरत जाणारी लाली आणि ठणका. चोवीस तासांत उतार पडला नाही तर प्रतिजैविक लागू शकते, आणि ते घेत असतानाही पाजणे चालू ठेवायचे असते. दाबल्यावर आत पाणी हलल्यासारखी मऊ, अतिशय दुखरी गाठ जाणवली तर पू झालेला असू शकतो आणि तो काढावा लागतो. शिवाय तुमचे सिझेरियन झालेले असल्याने ताप टाक्यांमुळे, गर्भाशयामुळे किंवा लघवीतील संसर्गामुळेही येऊ शकतो, म्हणून ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

सिझेरियननंतर आशाताईंच्या गृहभेटी ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ठरलेल्या असतात. तुमची पुढची भेट पाच दिवसांनी आहे, तोपर्यंत थांबू नका. त्यांना फोन करून लवकर बोलवा किंवा तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, नाहीतर कोल्हापुरात सीपीआरच्या (छत्रपती प्रमिलाराजे या सरकारी रुग्णालयाच्या) प्रसूती विभागात जा. जाताना बाळाला पाजून नेऊ नका. भूक लागायच्या सुमारास पोहोचा आणि ‘माझ्यासमोर बाळ लावून पकड पाहा’ असे स्पष्ट सांगा, कारण केवळ चीर पाहून लिहून दिलेल्या मलमापेक्षा एक पूर्ण पाजणे शेवटपर्यंत बसून पाहणारी परिचारिका तुमच्या अधिक उपयोगाची आहे.